लग्नपत्रिकेवरची पदवी

२१ एप्रिल १९९७, सोमवार. आठशे लग्नपत्रिकांच्या घड्या घालून, त्या पाकिटात सरकवून, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे होते. संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं आणि सकाळचे दहा वाजले तरी माझे चारच गठ्ठे झाले होते.

शिरूरच्या बाजारपेठेत आमचा छोटा छापखाना होता. ट्रेडल मशीन नवऱ्याकडे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणं, प्रुफं तपासणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे. एप्रिल-मे ही आमची सुगी. या दोन महिन्यांत मी इतकी लग्नं छापायची की बाजारात भाजी घेताना समोरची बाई कुणाची सून होणार हे मला तिच्या सासूच्या आधी ठाऊक असायचं.

आमच्याकडे पत्रिकेत वर-वधूच्या नावापुढे कंसात शिक्षण लिहितात. नुसतं नाव छापलं तर पाहुणे विचारतात, मुलगा शिकलेला नाही का? त्यामुळे कंस रिकामा ठेवत नाहीत. बी.ए. असेल तर बी.ए., पहिल्या वर्षाला नापास असेल तर एफ.वाय.बी.ए., दहावीत राहिला असेल तर 'प्रगतशील बागायतदार'. गिऱ्हाईक लिहून देईल ते छापायचं, असा माझा नियम होता. खरंखोटं बघणं छापखान्याचं काम नाही. एका वर्षात मी इतके इंजिनियर छापले की तेवढे खरे असते तर घोडनदीवर चार पूल जास्तीचे झाले असते.

तर दहाच्या सुमाराला एक तरुण आत आला. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल, घामाने ओलाचिंब. उन्हाळ्याचा घाम आणि घाबरल्याचा घाम यांतला फरक मला कळतो. हा दुसरा होता.

"ताई, परवा एक पत्रिका छापलीत का? मुलगी न्हावऱ्याकडची, मुलगा दौंडचा."

"छापली. हा काय, त्याच घड्या घालतेय. तुम्ही कोण?"

"मुलगा."

मी खुर्ची पुढे केली. नवरदेव स्वतः छापखान्यात येतो तेव्हा तीनच कारणं असतात. मामाचं नाव राहिलं, मुहूर्त चुकला, नाहीतर लग्न मोडलं. मी मनातल्या मनात तिन्हींची तयारी केली.

त्याने वरची एक पत्रिका उचलली, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे काढायला पाहिजे."

कंसात होतं, बी.कॉम., सी.ए.

"का? चुकलं का काही?"

"मी सीए नाही."

मी मुलीच्या वडिलांनी दिलेला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात 'सी.ए.' लिहिलेलं. माझ्याकडची चूक नव्हती, हे आधी स्पष्ट झालेलं बरं. त्याने मान डोलावली. दोष द्यायला तो आलाच नव्हता.

हकिकत अशी होती. मुलगा दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. वडील रेल्वेत गँगमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. हा बी.कॉम. झाला, मग सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. नावाची परीक्षा पास झाला, आणि आता खात्याच्या यादीवर नाव लागून गावोगावच्या विकास सोसायट्या आणि दूध संस्था तपासायला जायचा. गावात पाय ठेवला की लोक म्हणायचे, सीएसाहेब आले. पहिला महिनाभर त्याने प्रत्येकाला सांगितलं, मी सीए नाही. लोक म्हणायचे, बरं बरं सीएसाहेब, चहा घ्या. मग त्याने सांगणं सोडून दिलं.

मध्यस्थाने मुलीकडे सांगितलं, मुलगा ऑडिट करतो. आमच्या भागात ऑडिट करतो म्हणजे सीए, आणि टॅक्सचे कागद भरतो तोही सीए. आदल्या दिवशी मुलीच्या वडिलांनी दौंडला जाऊन छापलेली एक पत्रिका व्याह्यांच्या हातात दिली. व्याह्यांनी ती देवापुढे ठेवली. मुलगा जेवायला बसला तेव्हा त्याची नजर तिच्यावर गेली.

"घास खाली उतरला नाही ताई. ज्याच्याकडे ती पदवी नाही त्याने ती नावापुढे लावणं हा गुन्हा आहे. उद्या एखाद्या खऱ्या सीएच्या हातात ही पत्रिका पडली तर माझं यादीवरचं नाव जाईल. आत्ता कुठे काम सुरू झालंय."

"मग सासऱ्यांना सांगा."

तो खुर्चीत पुढे सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सांगितलं आणि त्यांनी लग्न मोडलं तर? मला मुलगी पसंत आहे."

हे त्याने असं सांगितलं, जसं कुणी दाताचं दुखणं सांगावं. आमचे हे मशीनमागून खोकले. हसू दाबायचं असलं की ते खोकतात.

मुलाचं म्हणणं असं की मी गुपचूप नव्या आठशे पत्रिका छापून द्याव्यात, खर्च तो देईल, संध्याकाळी सासऱ्यांच्या हातात गठ्ठे पडतील, आणि बांधलेले गठ्ठे कोण सोडून बघतो?

"तसं होणार नाही," मी म्हटलं. "पत्रिका त्यांनी सांगितली. बदलायची तर त्यांना विचारून. साडेअकराची चौफुल्याची गाडी आहे, ती न्हावऱ्यावरून जाते. चला."

"तुम्ही येणार?"

"तुम्ही एकटे गेलात तर वेशीवरून परत फिराल."

हे म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस?"

"आठशे पत्रिका पडून राहिल्या तर तुम्ही वाटणार आहात का?" मी म्हटलं, आणि पर्स उचलली.

गाडीत बसायला जागा मिळाली. मुलगा फाईल छातीशी धरून बसला होता. मी म्हटलं, वाटेत वेळ आहे, तोवर मला नीट समजावून सांगा. सीए आणि तुमच्यात फरक काय? वर्षानुवर्षं मी ही अक्षरं जुळवतेय, पण अर्थ कधी विचारला नाही.

या विषयावर मात्र त्याची भीड पार गेली.

"सीए म्हणजे सनदी लेखापाल. त्यांची परीक्षा वेगळी, देशभर एकच. तीन वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारी करायची, इंटर द्यायची, मग फायनल. लोक पाच-पाच वेळा बसतात. पास झाले की कंपनीचं ऑडिट, मोठ्या व्यापाऱ्याचं टॅक्स ऑडिट, सगळ्यावर त्यांची सही चालते. तिथे दुसऱ्या कुणाची नाही चालत."

"तुम्ही बसला होतात?"

"इंटरला दोनदा. एक ग्रुप निघाला, दुसरा राहिला. मग वडील निवृत्त झाले."

"आणि तुमची ती जी.डी.सी.?"

"ती राज्य सरकारच्या सहकार खात्याची पदविका. सहकाराचा कायदा, संस्थेचा कारभार, हिशेब, लेखापरीक्षण, असे विषय असतात. मला सहकारी संस्था तपासता येतात. बाहेर माझ्या सहीला किंमत नाही."

"आणि कारखान्यात असतात ते?"

"पाटससारख्या साखर कारखान्यात कॉस्टवाले असतात, ते आणखी वेगळे. एक पोतं साखर बाहेर पडायला काय खर्च आला हे काढणारे. त्यांचीही मोठी परीक्षा आहे."

"कर सल्लागार?"

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. "ती पदवीच नाही ताई, ते काम आहे. कर सल्लागारात सीए असतात, वकील असतात, विक्रीकराचे प्रॅक्टिशनर असतात, नुसते बी.कॉम.ही असतात. पाटीवर कर सल्लागार दिसलं की त्याच्या खालची बारीक ओळ वाचायची."

मला ते एकदम पटलं. म्हटलं, "आमच्या धंद्यातही तेच. कंपोझिटर निराळा, मशीनमन निराळा, बाइंडर निराळा. लोक सगळ्यांना प्रेसवालाच म्हणतात. पण माझ्या नवऱ्याला खिळे जुळवायला बसवलं, तर दिवसभरात एक ओळ होते आणि तीही वाचायला आरसा लागतो."

पुढच्या सीटवरचा म्हातारा मागे वळून म्हणाला, "समदं ऐकलं म्या. आमच्या पतसंस्थेत येतो तो कोण मग?"

"त्याला विचारा आप्पा, कुठली परीक्षा पास झालात म्हणून."

"विचारतो की. चहा पिऊन जातोय मायला दर साली."

फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत गेलो. मुलीकडे कांदा चाळीत भरायचं काम चाललं होतं. मुलीचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मुलीचे चुलते, पिंपरीला कंपनीत होते, ते लग्नाच्या तयारीसाठी रजा काढून आलेले. शेडखाली चार-पाच बाया कांदा निवडत होत्या, त्यांत मुलगीही होती. होणारा जावई असा भर दुपारी, न कळवता, छापखानेवाल्या बाईला घेऊन आलेला बघून सगळ्यांचे हात थांबले.

"वैनी, तुम्ही?" आबांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं? मामाचं नाव ऱ्हायलं का?"

"मामाचं नाव आहे आबा. कंसातलं चुकलंय."

"कंसात काय चुकणार?"

मी मुलाकडे बघितलं. त्याने बोलून टाकलं. "आबा, मी सीए नाही. मी सांगायला हवं होतं. माझी जी.डी.सी. अँड ए. झालेली आहे."

चुलते दोन पावलं पुढे आले. त्यांना कंपनीमुळे सीए म्हणजे काय हे नीट माहीत होतं, आणि पुतणीला सीए नवरा मिळतोय हे त्यांनी तिथल्या आपल्या अख्ख्या विभागात सांगून पेढे वाटले होते.

"म्हंजी फसवणूक झाली की ही! दादा, ऐकतोयस ना? लगीन पंधरा दिसांवर आलं आन् हे आज सांगतंय, सीए न्हाई म्हणून. मी सुपरवायझरला काय सांगू?"

"सुपरवायझरचं लग्न आहे का?" हे माझ्या तोंडून निघून गेलं.

टॉवेल सोडून आबांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "पोरा, तू खोटं बोलला न्हाईस हे खरं. मध्यस्थ म्हणला ऑडिट करतो. म्या म्हणलं, म्हंजी सीए. पर समद्या भावकीत सांगून बसलो रे."

तेवढ्यात शेडखालून आवाज आला.

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

मुलगी उठून उभी राहिली होती. ओच्यात कांद्याची सालं, कपाळाला धूळ. माझ्या अंदाजापेक्षा उंच होती आणि आवाज खणखणीत.

"कवा सांगितलंस?" आबा म्हणाले.

"बघायला आले त्याच दिवशी. मी यांना विचारलं, सीएची फायनल कधी झाली? हे म्हणाले, सीए नाही, जी.डी.सी. अँड ए. मी आत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, एकच ते, पोहे घेऊन जा."

शेडखालच्या बायांतून हसू फुटलं. एक म्हातारी म्हणाली, "अगं, तुझ्या बापाला पोहं दिसत व्हतं, पोरगी कशाला दिसतीय!"

"आन् तुला चाललं?" चुलत्यांनी विचारलं.

"मी कॉमर्सला होते काका. मला फरक कळतो. न चालायला काय झालं?"

हे मुलीवर येऊ नये म्हणून त्याने आम्हाला ते सांगितलं नव्हतं, हे मला आता कळलं. नवरदेव हातातल्या फाईलकडे बघत उभा होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

आबा चाळीच्या कडेला बसले. "बरं, मला आता सांगा, ह्ये जी.डी.सी. म्हंजी नक्की काय? काय करतोस तू?"

"सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण. दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या."

"विकास सोसायटी? म्हंजी आमच्या सोसायटीत दर साली येतो तसा ऑडिटर?"

"हो. तसाच."

आबा उठून उभे राहिले. खरंच उभे राहिले. ते स्वतः गावच्या सोसायटीचे संचालक होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"आरं, मग आधी का न्हाई बोललास? सोसायटीचा ऑडिटर!" ते भावाकडे वळले. "सीए कसा दिसतो ते म्या बघितलं न्हाई. पर ऑडिटर बघितलाय. गेल्या साली ऑडिटर आला तवा सचिव दोन दिस जेवला न्हाई. चेअरमन त्याच्यासाठी सोताची खुर्ची रिकामी करतो. आन् तो इचारतो, ह्या ठरावावर सही का न्हाई? समदे गपगार!"

"दादा, पर सीए मोठा असतो," चुलते अजून सोडेनात.

"तुझा सीए येईल का आमच्या सोसायटीचं दप्तर उघडायला?"

इथे मुलाने तोंड बंद ठेवलं असतं तर प्रकरण मिटलं होतं. पण तो म्हणाला, "येऊ शकतो आबा. सीएलाही सोसायटीचं ऑडिट करता येतं. त्यांचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे, काका बरोबर बोलतायत. मला कंपनी तपासता येत नाही. टॅक्स ऑडिटवर माझी सही चालत नाही."

मी कपाळाला हात लावला. असा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आणि मी नवरदेवांच्या बाबतीत बरंच पाहिलेलं आहे.

आबा चुलत्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ. सोताचा तोटा करून खरं बोलतंय. ह्याला म्हणत्यात ऑडिटर. आता पुढच्या साली आमच्या सोसायटीला हाच आणायचा, मग बघतो सचिवाकडं."

"ते नाही जमणार आबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही संचालक आहात. सासऱ्यांच्या संस्थेचं काम मला घेता येणार नाही."

आबांचा चेहरा पडला. मग एकदम उजळला.

"शेजारच्या गावची घेता येती का? तिथला चेअरमन लई माजलाय."

"नेमणूक झाली तर."

"झालं तर मग! चहा टाका गं, साखर जास्त घाला!"

चहा झाला. चुलत्यांनी मुलाची फाईल मागून घेतली, प्रमाणपत्र उन्हात धरून वाचलं, शिक्का बोटाने चाचपला. ते मोठ्याने वाचू लागले, "शासकीय सहकार व लेखा पदविका." थांबले. पुन्हा वाचलं. "शासकीय हाय व्हय ही?"

"परीक्षा शासनाची. नोकरी शासनाची नाही," मुलाने लगेच खुलासा केला.

"ते कोण इचारतंय? सीए म्हंजी दोन अक्षरं. ही तर आख्खी ओळ झाली." चुलत्यांनी मान वर केली. "दादा, पत्रिकेत ही पुरी छापायची. जी.डी.सी. बी.डी.सी. न्हाई. समदी ओळ. शासकीय सहकार व लेखा पदविका. आन् खाली, प्रमाणित लेखापरीक्षक."

मी मुलाला विचारलं, "एवढं छापलं तर चालेल ना? खरं आहे ना सगळं?"

"सगळं खरं आहे," तो म्हणाला, आणि खुर्चीत प्रथमच टेकून बसला.

संध्याकाळी न्यायला येणारच होते, ते आता दुपारीच निघाले. शेजाऱ्याच्या जीपमध्ये आबा, चुलते, मुलगा, मी, आणि आबांच्या हुकमावरून मुलगीही. "आता परूफ हीच वाचंल," आबा म्हणाले. "माझ्या भरवशावर काय ठिऊ नका."

छापखान्यात आलो तेव्हा तीन वाजले होते. आठशे नव्या पत्रिका छापण्याइतकं तसलं कार्ड आमच्याकडे शिल्लक नव्हतं, आणि पुण्याहून मागवायला दोन दिवस गेले असते. मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. खिळ्यांच्या पेटीत वेलबुट्टीचे ठसे असतात, त्यांतलं एक भरीव कमळ बरोब्बर 'सी.ए.'च्या मापाचं होतं. ते त्या अक्षरांवर छापायचं म्हणजे खालचं काही दिसत नाही. नावाखाली बोटभर मोकळी जागा होती, तिथे नवी ओळ. पत्रिका दुसऱ्यांदा मशीनवर चढवायची, एवढंच.

मी ओळ जुळवायला घेतली. मोठ्या टाइपात ती मावेना, 'पदविका' कार्डाच्या बाहेर जाऊ लागली. टाइप बारीक करू का विचारलं, तर चुलते म्हणाले, बारीक नको, दोन ओळी करा. दोन ओळी केल्या. दरम्यान मुलगा आणि चुलते, मी सकाळपासून भरलेली पाकिटं रिकामी करून घड्या उलगडत बसले. आपलंच काम समोर उसवलं जाताना बघणं मला फारसं आवडलं नाही, पण दोघे हाताला चलाख होते.

पहिलं प्रूफ निघालं. मी मुलीच्या हातात दिलं. ती उभ्यानेच वाचू लागली, वरपासून, गणपतीपासून. नवऱ्याच्या नावाशी थांबली, दोन्ही ओळी वाचल्या, मान हलवली. मग स्वतःच्या नावाशी आली आणि तिने कागद खाली केला.

"आबा."

"काय गं?"

"माझं शिक्षण काय?"

"बी.ए.," आबा म्हणाले. "शिरूरच्या कालेजात. तीन वर्स येष्टीचा पास काढला म्या."

"बी.कॉम."

आमच्या ह्यांना खोकला आला, तो थांबेचना. चुलते हातातल्या घड्या टाकून हसू लागले. आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मी मुकाट्याने त्यांच्याच हातचा कागद उचलून दाखवला. निळ्या शाईत बी.ए.

"दुपारी मी तुमच्यासमोरच म्हणाले ना, कॉमर्सला होते," मुलगी मला म्हणाली.

खरं होतं. माझ्याही कानावरून गेलं होतं. पत्रिका मी दोनदा तपासलेली, आणि दुपारी ते ऐकूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका काढायला निघालेली मी, मुकाट खिळ्यांच्या पेटीकडे वळले.

नवरदेव म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका आबा. एकच ते."

त्यावर आबाच सगळ्यांत मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना खुर्ची धरावी लागली. मुलीनेही हसू लपवायला तोंडाला पदर लावला, पण तो बापाच्या बाजूने; नवरदेवाला ते हसू दिसत होतं.

आणखी एक कमळ शोधलं. सुदैवाने जोडी होती. 'बी.ए.'वर ते बसवलं आणि पुढे बी.कॉम. जुळवलं. आता दोघांच्या नावाशी एकेक कमळ झालं, आणि ते मुद्दाम घातल्यासारखं दिसू लागलं. पुढच्या मोसमात दोन गिऱ्हाइकांनी 'त्या कमळवाल्या पत्रिकेसारखी' म्हणून मागणी केली. मी कारण सांगितलं नाही.

आठशे पत्रिका पुन्हा मशीनवरून गेल्या. हे एकेक चढवत होते, मी काढून घेत होते, मुलगी वाळत घालत होती, मुलगा घड्या घालत होता, चुलते पाकिटं भरत होते, आणि आबा बाहेरून भेळ आणून प्रत्येकाच्या पुढ्यात कागद ठेवत होते. तेलाचा हात पत्रिकेला लागेल म्हणून मी त्यांना दोनदा ओरडले. संचालक माणूस, पण निमूट ऐकलं. मुलगा-मुलगी एकमेकांशी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलले नाहीत. पण ती वाळत घालायची आणि तो बरोब्बर वाळलेलीच उचलायचा, न विचारता.

दिवेलागणीला शेवटचा गठ्ठा बांधून झाला. चुलत्यांनी त्यांतल्या पन्नास स्वतःसाठी वेगळ्या काढल्या, कंपनीत वाटायला. "सुपरवायझरला मी सांगतो समजावून," ते मला म्हणाले. "सीए काय, गल्लोगल्ली हायेत. प्रमाणित लेखापरीक्षक कुठं हाय?"

"बरोब्बर," मी म्हटलं.

जीप मुलाला दौंडच्या गाडीसाठी स्टँडवर सोडून पुढे गेली. हे शटर ओढता ओढता म्हणाले, "आपल्या लग्नाच्या पत्रिकेत तुझं शिक्षण काय छापलं होतं गं?" मी म्हटलं, "अकरावी. आणि तुमचं, प्रेसचे मालक. तेव्हा प्रेस सासऱ्यांचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी आमच्या छापखान्याच्या टॅक्सच्या कागदांची पिशवी घेतली आणि ते कागद बघणाऱ्या गृहस्थांकडे गेले. बाजारपेठेत त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणायचे, सासरे म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. पाटीसमोर उभं राहून पहिल्यांदा खालची बारीक ओळ वाचायला गेले, तर ती उन्हाने पुसली होती.

आत जाऊन मी सरळ विचारलं, "साहेब, राग मानू नका. तुमचं शिक्षण काय झालंय?"

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता पिशवीसकट बाहेर. पण ते खुर्चीत मागे रेलून हसले. "वीस वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी बी.कॉम., सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर. वकील मला तुमच्या सासऱ्यांनी केलं. पहिल्याच दिवशी हाक मारली, आणि मग गावाने उचलली."

"मग आमचे कागद?"

"विक्रीकराचे मी बघतो, तिथे साहेबापुढे उभाही राहतो. इन्कम टॅक्सचं पत्रक भरून देतो. सीएची सही लागेल इतका तुमचा धंदा वाढला, तर त्या दिवशी मीच तुम्हाला पुण्याला पाठवीन."

मी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. मग त्यांच्याच टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन मागितलं, आणि त्यांच्याकडून नाव, शिक्षण आणि काम नीट लिहून घेतलं. दहा वाजता छापखान्यात येऊन सगळ्यांत आधी त्यांची दोनशे व्हिजिटिंग कार्डं जुळवायला घेतली.